दर्या आणि दऱ्या

आठवीतल्या एका मुलीने मराठीच्या निबंधात लिहिलं होतं, 'सातपुड्याच्या दर्यांमध्ये आदिवासी बांधव राहतात.' मी लाल पेनने 'दर्यांमध्ये'खाली रेघ ओढली, बाजूला 'दऱ्यांमध्ये' लिहिलं आणि अर्धा गुण कापला. दर्या म्हणजे समुद्र. चोपड्याच्या उत्तरेला सातपुडा आहे, समुद्र बघायचा तर सुरतेच्याही पुढे जावं लागतं. वर्गात मी हे हसत हसत सांगितलं. मुलीही हसल्या. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती झेरॉक्सचा एक कागद घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. "आपा, आपनेच तो दिया था." (आमच्या खानदेशी उर्दूतला हा 'च' थेट मराठीतून आलेला आहे, उर्दू व्याकरणाच्या पुस्तकात तो सापडणार नाही.) कागद खरंच मी दिलेला होता. उजवीकडे उर्दू 'वादी', डावीकडे मराठी 'दरी'. त्याखालच्या क्रमांकावर 'वादियाँ' आणि समोर 'दर्या'. छापील, सुबक, ठळक अक्षरांत.

अर्धा गुण मी तिथल्या तिथे परत दिला. पण तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिले. कारण मूळ लिहिणाऱ्याने ही चूक केलेली नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मूळ लिहिणारे म्हणजे आमचे बडे सर. मी बी.एड. करून नोकरीला लागले तेव्हा ते निवृत्तीला आले होते. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवण्यात त्यांची सगळी हयात गेली. त्यांचं एक म्हणणं होतं, की आपल्या मुलांना मराठीतले अनोळखी शब्द अडवत नाहीत, ओळखीचे शब्द फसवतात. 'तालीम' म्हटलं की उर्दूत शिक्षण, मराठीत कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाची तयारी. 'खुलासा' उर्दूत सारांश, मराठीत स्पष्टीकरण. 'राजीनामा' उर्दूत समझोता, मराठीत नोकरी सोडल्याचा कागद. 'शिकस्त' तर कमालच. उर्दूत ती पराभव आहे आणि मराठीत माणूस प्रयत्नांची शिकस्त करतो. सुलभभारतीच्या धड्यात 'त्याने शिकस्त केली' असं आलं की आमची अर्धी मुलं समजतात, बिचारा हरला.

असे शब्द बडे सर वहीत टिपून ठेवत. पुढे शाळेत संगणक आला, तेव्हा त्यांनी ते टाइप करायला घेतले. उर्दू इनपेजमध्ये आणि मराठी वर्डमध्ये, त्या काळच्या एका मराठी फॉन्टमध्ये. दोन भाषा एका पानावर नीट बसवणं त्यांना जमत नव्हतं. मग त्यांनी तोड काढली. दोन्हीकडे एकच अनुक्रमांक द्यायचा, दोन्हींचे प्रिंट काढायचे, कात्रीने पट्ट्या कापायच्या, कोऱ्या कागदावर शेजारी शेजारी डिंकाने चिकटवायच्या आणि झेरॉक्स काढायची. अकराशे चाळीस शब्द त्यांनी असे चिकटवले. त्यांच्या बोटांना डिंकाचा वास असायचा.

ते गेल्यावर चाचींनी (त्यांच्या बेगम, आम्ही सगळ्या चाचीच म्हणतो) मला एक सीडी आणि चिकटवलेल्या पानांची फाइल दिली. डिंक सुकून पट्ट्या सुटत चालल्या होत्या. काही क्रमांक शेजाऱ्यापासून वेगळे होऊन तळाशी पडले होते. "तूच कर काय ते," चाची म्हणाल्या.

पहिला सल्ला मला सगळ्यांनी दिला तो म्हणजे टाइप करून घ्या. चोपड्यात पानावर पैसे घेऊन टाइप करून देणारे आहेत. पण उर्दू आणि मराठी दोन्ही नीट टाइप करणारा माणूस मला मिळेना. शिवाय मी बाविसेक वर्षं वह्या तपासत आले आहे. नक्कल करताना माणूस कुठे चुकेल, याचा नेम नसतो. एका पानावर वेलांटी, दुसऱ्यावर नुक्ता, तिसऱ्यावर अख्खी ओळ. ती चूक शोधायची तर पुन्हा अकराशे चाळीस शब्द मुळाशी ताडून बघायचे. त्यापेक्षा सरांनी स्वतः दाबलेल्या कळा त्या सीडीवर होत्याच की.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. ईदला आला होता. त्याला सीडी दाखवली. तो म्हणाला, "खाला, आमच्याकडे असल्या कामाला डॉक्युमेंटेशन जनरेटर वापरतात."

हे काय प्रकरण आहे ते थोडं सांगते, कारण मलाही तेव्हा माहीत नव्हतं. प्रोग्राम लिहिणारे लोक प्रोग्राम लिहितात आणि त्याची माहितीपुस्तिका वेगळी लिहितात. प्रोग्राम बदलतो, पुस्तिका तशीच राहते. वर्षभरात दोघांची तोंडं दोन दिशांना. म्हणून त्यांनी अशी अवजारं बनवली, जी मूळ फाइली वाचतात आणि त्यांतूनच अनुक्रमणिका, सूची, एकमेकांकडे नेणाऱ्या लिंकांसकट पूर्ण पुस्तक बांधून देतात. मूळ बदललं की पुन्हा बांधायचं, पुस्तक आपोआप ताजं. नेदरलँड्सच्या दिमित्री व्हान हेश यांचं 'डॉक्सिजन' १९९७ सालचं. आम्ही वापरलं ते 'स्फिंक्स'. ते जर्मनीच्या गेऑर्ग ब्रांडल यांनी पायथॉन या भाषेची माहितीपुस्तिका तयार करण्यासाठी लिहिलं आणि २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. फुकट आहे. थोडक्यात, बडे सरांची कात्री आणि डिंक, फक्त न सुकणारा.

अडचण एवढीच, की स्फिंक्सला वाचता येते ती एक साधी लिपी. शीर्षकाखाली रेघ, ठळक शब्दाभोवती चांदण्या, अशा खुणांची. मार्कडाउन नावाची दुसरी एक सोपी लिपी त्याला जोडणी लावून शिकवता येते. इनपेज आणि जुनी वर्ड फाइल त्याच्या गावीही नाही. त्याला ती शिकवायची, तर पार्सर लिहावा लागतो. स्टाफरूममध्ये मी हा शब्द उच्चारला तेव्हापासून आमच्या एक सहकारी रोज विचारायच्या, "आलं का पार्सल?"

पार्सर म्हणजे काय हे भाच्याने मला झाडाची चित्रं काढून समजावलं. फाइलमध्ये अक्षरांची नुसती रांग असते. त्या रांगेतलं शीर्षक कोणतं, परिच्छेद कोणता, शब्द कोणता, त्याचा अर्थ कोणता हे ओळखून त्याचं झाड उभं करायचं : बुंधा, फांद्या, पानं. एकदा झाड मिळालं की पुढचं काम स्फिंक्स करतं. मला हसू आलं. हे तर वाक्यपृथक्करण! उद्देश्य कोणतं, विधेय कोणतं, विधेयविस्तार कोणता. उर्दूच्या तासाला हेच मी 'जुमले की तरकीब' म्हणून शिकवते, मुब्तदा आणि खबर. (आणि ही 'खबर'सुद्धा सरांच्या यादीत आहे. मराठीत ती बातमी, उर्दू व्याकरणात विधेय.) भाचा म्हणाला, "मग खाला, तुम्हाला अर्धं येतंच आहे." तो असं का बोलला, ते नंतर कळलं. अर्धं काम तो माझ्यावर टाकणार होता.

नवा फाइलप्रकार या अवजारांना शिकवायचे मार्ग वेगवेगळे असतात. डॉक्सिजनला सांगता येतं, की अमुक एक्सटेन्शनची फाइल दिसली तर तिला तमुक भाषेचीच समज. किंवा वाचण्याआधी ती दुसऱ्या एका प्रोग्राममधून गाळून घे, म्हणजे तुझ्यापर्यंत ओळखीचं रूपच पोहोचेल. स्फिंक्समध्ये तर स्वतःचा पार्सर लिहून फाइलीच्या शेपटाशी जोडता येतो. आम्ही तो तिसरा मार्ग धरला आणि पहिल्याच दिवशी आपटलो. स्फिंक्स कुठलीही फाइल उघडताना ती युनिकोडमधला साधा मजकूर आहे, असं धरून उघडतं. इनपेजची फाइल तशी नसते. पार्सरच्या हातात काही पडण्याआधीच दारात भांडण. शेवटी भाच्याने दोन्हींचा मेळ घातला. बांधणी सुरू होण्याच्या आधीच्या क्षणी आपला प्रोग्राम चालवण्याची सोय स्फिंक्समध्ये असते. त्या क्षणी आमचा प्रोग्राम सरांच्या फाइली वाचतो, झाड बनवतो आणि स्फिंक्सला समजेल अशा लिपीत उतरवून बाजूच्या फोल्डरमध्ये ठेवतो. सरांच्या मूळ फाइलीला कुणी हात लावायचा नाही, ही अट माझी. दर वेळी मुळापासून सुरुवात.

आता इनपेज. उर्दूवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी : नस्तालीक अक्षरं सरळ रेषेत बसत नाहीत, वरून तिरकी उतरत येतात आणि शेजारी कोण आहे त्याप्रमाणे रूप बदलतात. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कितीतरी वर्षं कातिबांच्या हातानेच लिहिली जात होती. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर नूरी नस्तालीक संगणकावर आणलं. अक्षरांच्या जोडण्या एकेक करून हजारोंनी लिहून काढल्या, तेव्हा कुठे ते जमलं. १९९४ मध्ये दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज काढलं आणि ते नस्तालीक साध्या संगणकावर, गल्लीतल्या प्रेसमध्ये आणि बडे सरांच्या टेबलावर आलं. युनिकोड तेव्हा कागदावर होतं, पण रोजच्या वापरात नव्हतं. त्यामुळे इनपेजने अक्षरांना आपले स्वतःचे क्रमांक दिले.

ती फाइल आतून एखाद्या कपाटासारखी असते, जुन्या वर्डच्या फाइलीची ठेवणही तशीच. कपाट उघडून देणारं तयार साधन पायथॉनमध्ये मिळतं. आतल्या खणात मजकूर असतो आणि प्रत्येक उर्दू अक्षराआधी एक खुणेचा आकडा : ०४. त्यानंतर अक्षराचा क्रमांक. ८१ म्हणजे अलिफ, ८२ म्हणजे बे, ८३ म्हणजे पे. भाच्याने ही आकड्यांची रांग स्क्रीनवर दाखवली आणि मी बोट ठेवून वाचत गेले. पहिला शब्द लागला तेव्हा माझा आवाज बदलला असावा, कारण त्याने माझ्याकडे वळून बघितलं. सरांनी दाबलेली एकेक कळ समोर येत होती. कुठे त्यांनी दोनदा स्पेस दिली, तीसुद्धा.

उर्दूचं काम त्या मानाने सरळ गेलं. क्रमांकाला अक्षर, अक्षराला युनिकोड. एकच खोच होती. सरांनी नंतरची काही पानं दुसऱ्या एका संगणकावर, युनिकोडमध्येच टाइप केली होती आणि तिथला कळफलक अरबी होता. अरबी काफ आणि उर्दू काफ दिसायला सारखे दिसतात, पण युनिकोडच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. छोटी ये आणि गोल हे यांचंही तेच. त्यामुळे 'किताब' हा शब्द सूचीत दोन ठिकाणी आला. डोळ्यांना फरक दिसत नव्हता, शोधायला गेलं तर एक सापडे, दुसरा नाही. सगळे अरबी काफ उर्दू करून घेतले आणि ते संपलं.

मराठी सोपी असेल असं मी धरून चालले होते. शेवटी ती सरळ रेषेतली, खाली न घसरणारी देवनागरी. अंदाज साफ चुकला.

जुन्या मराठी फॉन्टची गंमत अशी, की फाइलमध्ये मराठी नसतेच. असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरी चेहरा चढवतो. फॉन्ट काढून घेतला की 'शाळा'च्या जागी कंस, टक्केचिन्ह आणि उलटा स्वल्पविराम. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं मानक १९९१ मध्ये ठरलेलं होतं, पण छपाईच्या फॉन्टवाल्यांनी आपापली वाट धरली आणि प्रत्येकाची वाट वेगळी. म्हणून या फाइलींत फॉन्टचं नाव हाच मजकुराचा अर्धा अर्थ असतो. पार्सरने नुसती अक्षरं उचलली आणि कोणत्या तुकड्याला कोणता फॉन्ट होता हे सोडून दिलं, तर हातात कचरा येतो. भाच्याने जुनी फाइल लिबरऑफिसमधून नव्या वर्डच्या रूपात आणली. त्यात प्रत्येक तुकड्याबरोबर फॉन्टचं नाव टिकून राहतं.

मग चिन्हांचा तक्ता. हेच ते माझ्या वाट्याचं अर्धं काम. एकेक चिन्ह मोठं करून तो मला पाठवायचा आणि मी सांगायचं हे काय आहे. हे 'ग'चं डोकं, दांड्याशिवाय. हा नुसता दांडा, काना म्हणूनही वापरलाय आणि 'ग' पूर्ण करायलाही. ही वेलांटी. आणि वेलांटी आधी येते! फॉन्टमध्ये 'कि' म्हणजे आधी वेलांटी, मग 'क', जसं आपण कागदावर डावीकडून उजवीकडे बघतो तसं. युनिकोडमध्ये आधी 'क', मग वेलांटी, जसं आपण बोलतो तसं. रफाराचं उलट. 'धर्म' लिहिताना फॉन्ट 'ध', 'म' आणि शेवटी वरचा रफार ठेवतो, युनिकोडला 'र' आधी लागतो. पहिलीतली मुलंही आधी वेलांटी काढतात आणि मग अक्षर. त्यांना आपण रागावतो. तो फॉन्ट बनवणारा माणूस तसाच विचार करत होता.

मे महिना होता, दुपारी लाइट जायची, मी मोबाइलवर चिन्हं ओळखत ओसरीत बसायची. एका दुपारी भाच्याने दोन चिन्हं एकदम पाठवली. एक डोक्यावरचा कोयता, एक ओळीत आडवं पडलेलं छोटं चंद्रकोरीसारखं. खाली त्याचा प्रश्न : "दोन्ही अर्धा र ना?"

मी लिहिलं, "हो, दोन्ही अर्धा र."

आज ते वाक्य वाचलं की मला माझीच लाज वाटते. मराठीचा रफार वेगळा आणि 'दऱ्या', 'कैऱ्या', 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला आडवा 'र' वेगळा, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून शिकवते. हिंदीत तो नाही, मराठीत आहे. तो वेगळा लिहिण्याचं कारणच हे, की 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द एकमेकांत मिसळू नयेत. युनिकोडमध्ये त्याच्यासाठी खाली टिंब असलेला वेगळा 'ऱ' ठेवलेला आहे. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, चिन्ह बघितलं नाही. घाईत होते म्हणू नका, घाई अजिबात नव्हती.

भाच्याने दोन्ही चिन्हांसमोर एकच 'र' टाकला. पुस्तक बांधलं गेलं, जूनमध्ये मी पहिल्या चाळीस प्रती झेरॉक्स करून वाटल्या.

मी प्रूफ वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं. 'दुसर्या', 'कैर्या' डोळ्यांना दिसले होते. पण व्हॉट्सॲपवर, दुकानांच्या पाट्यांवर, कितीतरी ठिकाणी आपण हे इतकं बघतो, की मला वाटलं मोबाइलचा फॉन्ट बरोबर नाही, छपाईत नीट येईल. 'दर्या'वर तर डोळा थांबलाच नाही. तो खरा शब्द आहे. स्पेलिंग तपासणारं यंत्रही त्यावर थांबलं नसतं.

त्या मुलीने कागद दाखवला त्या रात्री मी भाच्याला फोन केला. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "खाला, एक मिनिट," आणि कळा दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "यार, स्फिंक्सने सांगितलं होतं आपल्याला."

झालं होतं असं. सरांच्या यादीत 'दर्या' हा शब्द स्वतंत्रपणे होताच, कारण तोही फसवा आहे : उर्दूतला 'दरया' म्हणजे नदी, मराठीतला दर्या म्हणजे समुद्र. तापीला उर्दूत दरया म्हणता येईल, मराठीत म्हटलं तर लोक हसतील. आमच्या पार्सरने 'दऱ्या'चाही 'दर्या' केला आणि शब्दसूचीत एकाच नावाच्या दोन नोंदी झाल्या. एकच शब्द दोनदा आला तर स्फिंक्स इशारा देतं : ही नोंद आधीच तिकडे एक आहे. त्याने दिला होता. पण त्या बांधणीत असे दोनशेच्या वर इशारे होते. कुठे शीर्षकाखालची रेघ आखूड, कुठे रिकामी ओळ कमी. पिवळ्या अक्षरांचा पूर. आम्ही दोघंही, पुस्तक तयार झालंय ना मग झालं, म्हणून पुढे गेलो.

वर्गात साठ मुलं एकदम बोलत असली की त्यातल्या एकाचं 'आपा, आपा' मला ऐकू येत नाही. तोच प्रकार.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. तक्त्यातली एक ओळ बदलली, पुन्हा बांधलं आणि त्रेसष्ट ठिकाणचा 'ऱ' एकदम जागेवर आला. टाइप करून घेतलं असतं तर हे झालं नसतं. माणसाच्या चुका विखुरलेल्या असतात, यंत्राची चूक सगळीकडे सारखी असते, म्हणून एकदा सापडली की सगळीकडून निघते. सापडेपर्यंत मात्र ती सगळीकडे असते, हेही खरं. मी चाळीसही प्रती परत मागवल्या. सदतीस आल्या.

त्यानंतर भाच्याने एक कळ फिरवली. स्फिंक्सला असं सांगता येतं, की एकही इशारा आला तरी तो चूक धर आणि बांधणी अपयशी म्हणून नोंदव. ते दोनशे इशारे आम्ही रमजानच्या रात्री बसल्यासारखं बसून, एकेक करून संपवले. त्यातले बहुतेक खरंच क्षुल्लक होते. तीन नव्हते. एका ठिकाणी सरांनी मराठी यादीत एक क्रमांक दोनदा दिला होता, त्यामुळे पुढचे अकरा शब्द एकेक पायरी खाली सरकून भलत्याच उर्दू शब्दांसमोर बसले होते. चिकटवलेल्या पानांवर ते बरोबर होते. कात्री चालवताना त्यांच्या लक्षात आलं असणार आणि हाताने नीट केलं असणार. फाइलमध्ये जाऊन सुधारायचं राहिलं. सुटत चाललेल्या पट्ट्यांची ती फाइल मी टाकून दिली नव्हती, हे माझं नशीब.

अशा दुरुस्त्यांसाठी आम्ही एक वेगळी फाइल ठेवली आहे. अमुक क्रमांकावर सरांनी हे लिहिलं, आम्ही हे केलं, या कारणाने. मूळ फाइल जशीच्या तशी, दुरुस्ती वरून. भाचा म्हणाला, इतकं कशाला, सरळ मुळात बदलू. मी नाही म्हटलं. सरांचं कुठे संपतं आणि आमचं कुठे सुरू होतं ते दिसलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र अजून जमलेली नाही. स्फिंक्स शब्द लावतं ते युनिकोडच्या क्रमाने, आणि त्या क्रमात 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ येतो. आपण मुलांना 'ह, ळ, क्ष, ज्ञ' असं शिकवतो. आमच्या सूचीत 'काळजी' 'कावा'च्या आधी येते. भाचा म्हणतो करू, मी म्हणते सावकाश कर.

आता दुसऱ्या शाळांतल्या शिक्षिकाही शब्द पाठवतात. कुणी वर्डमध्ये, कुणी एक्सेलमध्ये, एक जण तर चहाच्या पावतीमागे लिहून फोटो पाठवते. पहिल्या दोन प्रकारांसाठी भाच्याने पार्सर लिहिले, फोटोचा पार्सर मी. अडावदच्या बाजूच्या एका बाईंनी सुचवलं, की आपली तडवी मुलं घरी जे बोलतात त्याचाही रकाना हवा. मुलगा म्हणजे 'आंडोर', मुलगी म्हणजे 'आंडेर', आणि 'तो काय करी ऱ्हायना?' हे तिसऱ्या रकान्यातलं पहिलं वाक्य. 'ऱ्हायना'तला 'ऱ' मी स्क्रीनवर मोठा करून बघितला. बरोबर आला होता.

क्रमांक ७१८ वर बांधणी अजून अडते. तिथे उर्दू आहे 'लिहाज' आणि मराठीच्या बाजूला फक्त क्रमांक. सरांच्या चिकटवलेल्या पानावरही तिथे कोरी पट्टी आहे. विसरले नाहीत, पट्टी कापून चिकटवलेली आहे, कोरी. मी शिक्षिकांच्या ग्रुपवर विचारलं. भीड, मान, संकोच, अदब अशी उत्तरं आली. एकीने मुलाहिजा सुचवला. तो लिहाजच्याच अरबी धातूतून निघालेला, मराठीत मुरलेला. 'मुलाहिजा न ठेवता बोलला' आपण म्हणतोच. मला तो आवडला. पण थोरल्या भावासमोर मोठ्याने न बोलण्यात जो लिहाज असतो, तो मुलाहिज्यात पुरता येत नाही, आणि सरांना मुलाहिजा हा शब्द माहीत नसेल हे शक्यच नाही.

मी चाचींना विचारायला गेले. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "त्या एका शब्दावर त्यांनी मला तीन दिवस छळलं होतं. मी म्हटलं, नसेल मराठीत, सोडा. तर म्हणाले, असेल, मला सापडला नाही एवढंच."

मुलाहिजा मी आमच्या दुरुस्त्यांच्या फाइलमध्ये टाकलाय, आमच्या नावाने. सरांची जागा कोरीच आहे. त्या एका इशाऱ्याला सूट द्यायची सोय आहे असं भाचा सांगतो. मी त्याला म्हटलं, राहू दे, दर वेळी अडू दे. तेवढी एक कळ हाताने दाबून पुढे जाऊ.